वेटोळ्यांवरचा लेप

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हौशी नभोवाणीकार आपल्या यंत्रांतील तारेची वेटोळी जागची हलू नयेत आणि तारेवरील सुती वेष्टनाने हवेतील दमटपणा शोषू नये म्हणून त्यांवर लाखेचे रोगण किंवा मेण चढवीत. परंतु लाखेच्या लेपात, विशेषतः उच्च कंपनसंख्येला, विद्युतशक्तीचा काही अंश उष्णतारूपाने वाया जाई. बर्लिनच्या एडुआर्ट सिमोनला १८३९ साली आढळलेले पॉलिस्टायरीन १९३० च्या सुमारास जर्मन कारखान्यांतून निघू लागले, आणि असा अपव्यय त्यात अत्यल्प असल्याने ही अडचण फिटली. पुढे सामानाच्या वेष्टनातला टाकाऊ थर्माकोल, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच, टोल्युईनमध्ये विरघळवून हा लेप घरीच सिद्ध करण्याचा रिवाज पडला. ह्या काटकसरीला मी अस्सल कारागिरी मानतो. मात्र टोल्युईनची वाफ विषारी व ज्वालाग्राही असते, म्हणून वाचकांनी हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूरच करावे.