अरल समुद्र : सरोवराचे वाळवंट कसे झाले?

बायोमच्या नकाशात आपण वाळवंट पिवळे आणि सरोवर निळे रंगवतो. मध्य आशियात हा रंग एका पिढीत बदलला.

अरल नावाला समुद्र, प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याचे सरोवर. 1960 मध्ये त्याचे क्षेत्रफळ सुमारे 68,000 चौ. किमी होते; जगात चौथा क्रमांक. भोवती वाळवंट, पाऊस अगदी कमी. बाष्पीभवनाने जाणारे पाणी मुख्यतः अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या भरून काढत. हा जमाखर्च नीट लक्षात घ्या.

सोव्हिएत नियोजनाने कापसासाठी हेच पाणी वळवले. काराकुम कालव्याचे काम 1954 मध्ये सुरू झाले. कालव्याला अस्तर नव्हते, त्यामुळे बरेच पाणी वाळूतच मुरले. (स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबावे.) सरोवर आटणार हे नियोजकांना ठाऊक होते, त्यांना कापूस अधिक मोलाचा वाटला. माझ्या मते ही गणितातली चूक नव्हे, निवड होती.

पाणी घटले तसे मीठ दाटले. आधी लिटरमागे सुमारे 10 ग्रॅम क्षार होते. ते वाढत गेले आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारी बंद पडली. मुयनाक बंदरातल्या बोटी वाळूत रुतल्या. उघड्या पडलेल्या तळावरची मीठ आणि कीटकनाशके मिसळलेली धूळ वाऱ्याबरोबर गावांत शिरू लागली. या नव्या वाळवंटाला आज अरलकुम म्हणतात.

कझाकस्तानात 2005 मध्ये कोकअरल धरण पूर्ण झाले. सिर दर्याचे पाणी उत्तर भागात अडले, क्षारता उतरली, मासे परतले. दक्षिणेला, उझबेकिस्तानच्या बाजूला, अमू दर्याचे पाणी आजही क्वचितच पोहोचते.