परम ८०००

परम ८००० हा भारतात विकसित करण्यात आलेला बहुप्रोसेसर महासंगणक होय. सी-डॅक या नावाने परिचित असलेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने तो १९९१ मध्ये सादर केला. एकाच अतिवेगवान प्रोसेसरवर विसंबण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसरांत गणिताची विभागणी करणे, हे त्याच्या रचनेचे मूलतत्त्व होते.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात अमेरिकेने महासंगणकांच्या निर्यातीवर कठोर निर्बंध घातले होते. हवामान अंदाजासाठी दिल्लीत क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र आले. त्याहून शक्तिशाली यंत्र मात्र भारताला मिळाले नाही. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली व विजय भटकर त्याचे पहिले कार्यकारी संचालक झाले. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये एवढ्या मर्यादेत स्वतंत्र प्रोसेसर घडवणे शक्य नव्हते. त्यामुळे बाजारात उपलब्ध असलेल्या प्रोसेसरांमधून निवड करणे क्रमप्राप्त ठरले.

प्रोसेसर व बोर्डाची निवड

ही निवड ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीच्या टी८०० व टी८०५ या ट्रान्सप्युटरांची झाली. वेगाच्या दृष्टीने ते असामान्य नव्हते. त्यांचे वैशिष्ट्य संपर्कव्यवस्थेत होते. सामान्य मदरबोर्डावर अनेक प्रोसेसर बसवले असता ते एकाच बसमार्गाने सामाईक स्मृतीकडे धाव घेतात. प्रोसेसरांची संख्या वाढताच त्या मार्गावर कोंडी होते आणि पुढचा प्रत्येक प्रोसेसर बव्हंशी वाट पाहण्यातच वेळ घालवतो. टी८०० मध्ये ३२ बिटांचा प्रोसेसर, दशांश अपूर्णांकांचे गणित करणारे ६४ बिटांचे एकक, ४ किलोबाइट स्मृती आणि सेकंदाला २० मेगाबिटपर्यंत वेगाचे चार संपर्कदुवे एकाच चिपवर होते. त्यामुळे शेजारच्या प्रोसेसरशी जोडणीसाठी बोर्डावर वेगळ्या संपर्कचिपांची गरज उरत नसे. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची स्मृती असल्याने सामाईक बसमार्गाचा प्रश्नही मिटला. दुव्यांची जोडणी कामानुसार बदलता येत असे.

मात्र दुवे चारच असल्याने जोडणीलाही मर्यादा होती. प्रोसेसर चौकटीच्या जाळीत सहज मांडता येत. परंतु प्रत्येक शेजाऱ्यासाठी एक दुवा धरल्यास अतिघनाकृती जोडणी १६ प्रोसेसरांपाशीच थांबते.

कार्यक्षमता

२५६ प्रोसेसरांच्या यंत्राची सैद्धांतिक क्षमता १ गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १०० कोटी गणिती क्रिया, इतकी होती. प्रत्यक्षात सातत्याने मिळणारा वेग १०० ते २०० मेगाफ्लॉप्स इतकाच असे. ही तफावत केवळ परमपुरती नाही. एखाद्या आज्ञावलीचा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर २५६ प्रोसेसर लावूनही ती १९ पट वेगवान होत नाही, हे साध्या भागाकाराने पडताळता येते. म्हणूनच कोणत्याही बहुप्रोसेसर यंत्राच्या जाहीर आकड्यापेक्षा त्यावर चालणारी आज्ञावली अधिक बोलकी असते. १९९० मध्ये झुरिच येथील प्रदर्शनात या यंत्राच्या नमुन्याची चाचणी झाली. तेथे चालवलेल्या यंत्रांत केवळ एक अमेरिकी यंत्र त्याच्या पुढे होते.

पुढील यंत्रे

१९९२ च्या सुमारास ट्रान्सप्युटरांची गणनशक्ती अपुरी पडू लागली. परम ८६०० मध्ये प्रत्येक घटकात इंटेलचा आय८६० आणि चार ट्रान्सप्युटर जोडण्यात आले. आय८६० गणितात कितीतरी वेगवान होता, पण त्याला स्वतःचे संपर्कदुवे नव्हते. परास ही आज्ञाप्रणाली दोन्ही यंत्रांसाठी एकच असल्याने जुने काम वाया गेले नाही. दरम्यान टी९००० हा इनमॉसचा पुढचा ट्रान्सप्युटर रखडत गेला आणि अपेक्षित वेग गाठू शकला नाही. एकाच कंपनीच्या चिपमालिकेवर यंत्राची रचना बेतण्यात असलेला धोका त्यातून उघड झाला.

१९९४ च्या परम ९००० मालिकेची रचना प्रोसेसर बदलता येईल अशी करण्यात आली. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क व अल्फा हे प्रोसेसर वापरले गेले. १९९८ च्या परम १०००० मध्ये तर स्वतंत्र बोर्डाऐवजी सन कंपनीचे दोन-दोन प्रोसेसरांचे तयार सर्व्हरच जोडण्यात आले. १६० प्रोसेसरांसह त्याची क्षमता सुमारे १०० गिगाफ्लॉप्स होती.