केन्जुत्सू

केन्जुत्सू ही जपानमधील सामुराई योद्ध्यांची तलवार चालविण्याची परंपरागत विद्या होय. आधुनिक केन्दो हा क्रीडाप्रकार तिच्यातूनच उत्क्रांत झाला. तथापि दोन्ही एकच नव्हेत. जीवघेण्या शस्त्राचा सराव जोडीदाराचा जीव धोक्यात न घालता कसा करावा, हा या विद्येपुढील जुना प्रश्न आहे.

घराणी व 'काता'

या विद्येच्या संप्रदायांस 'र्‍यू' म्हणतात. हिंदुस्तानी संगीतातील घराण्यांप्रमाणे त्यांतही गुरुपरंपरेला महत्त्व असते. १५व्या शतकात इइझासा इएनाओ यांनी कातोरी मंदिराच्या परिसरात (आजचा चिबा प्रांत) स्थापिलेले 'तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्‍यू' हे सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक आहे.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे 'काता', अर्थात दोघांनी मिळून करावयाचा पूर्वनियोजित सराव. त्यात बोक्केन ही लाकडी तलवार वापरतात. अननुभवी माणूस साहजिकच समजेल, की यात विजयी भूमिका गुरूची असावी. प्रत्यक्षात बहुतेक घराण्यांत गुरू वार करून हरणाऱ्याची भूमिका घेतो आणि शिष्याला योग्य क्षण व योग्य अंतर ओळखावयास शिकवितो.

बोक्केनच्या आघातानेही हाड मोडू शकते. म्हणून १६व्या शतकात शिंकागे-र्‍यूचे संस्थापक कामिइझुमी नोबुत्सुना यांनी चिरलेल्या बांबूवर चामड्याचे आवरण चढविलेली तलवार प्रचारात आणली, असे मानले जाते. त्यांचे शिष्य याग्यू मुनेयोशी यांचे कौशल्य १५९४ साली तोकुगावा इएयासू यांनी पाहिले. पुढे मुनेयोशींचे पुत्र मुनेनोरी शोगुनचे तलवार-शिक्षक झाले.

एदो काळ (१६०३–१८६८)

दीर्घ शांततेमुळे तलवारीला रणांगण उरले नाही. १८व्या शतकात शिरस्त्राण, छातीचे कवच व हातमोजे यांचा वापर वाढला आणि बांबूच्या तलवारीने मोकळेपणी लढता येऊ लागले. अनेक घराण्यांनी ही पद्धत स्वीकारली. परंतु बांबूचा वार सहन करता येतो, पोलादाचा नाही. त्यामुळे चपळ फटक्यांच्या नादात खऱ्या तलवारीचे भान सुटते, असा आक्षेप काताचे पुरस्कर्ते घेत. हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

मेइजी काळ व नंतर

१८७६ च्या हुकुमाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी आली व सामुराईंचे शिक्षक निराधार झाले. त्याआधी, १८७३ पासून, साकाकिबारा केन्किची यांनी तिकीट लावून सामन्यांचे जाहीर प्रयोग सुरू केले होते. १८७७ च्या सात्सुमा बंडात पोलिसांच्या तलवार-तुकडीने पराक्रम गाजविल्यावर पोलीस दलात या विद्येला आश्रय मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे केन्दोवर निर्बंध होते. १९५२ मध्ये अखिल जपान केन्दो महासंघ स्थापन झाला. कातोरी घराण्यात मात्र आजही स्पर्धा नसतात. तेथे काताचाच अभ्यास चालतो.