गोपकपट्टण

गोव्यातील कदंबांची राजधानी व बंदर. जुवारी नदीच्या उत्तर तीरावर, आजच्या गोवा वेल्हा परिसरात. मांडवीकाठचे ‘जुने गोवे’ हे पोर्तुगीजांचे शहर वेगळे. नावांच्या सारखेपणामुळे या दोहोंत नेहमी गल्लत होते.

अकराव्या शतकाच्या आरंभी येथे दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा अंमल होता. शिलाहार रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटात (१००८) परदेशातून येणाऱ्या दर जहाजामागे एक सुवर्ण गद्याण देवस्थानाला लावून दिलेला आहे. कदंबांचा डोळा कशावर होता, ते यातून उघड होते. चंद्रपुराहून (चांदोर) राज्य करणाऱ्या कदंब षष्ठदेवाने शिलाहारांकडून गोपकपट्टण जिंकले. मात्र राजधानी तेथे नेली ती त्याचा मुलगा पहिला जयकेशी याने. कदंबांचे ‘पश्चिमसमुद्राधीश्वर’ हे बिरुद थोडे फुगवलेले असले, तरी पोकळ नव्हे. त्यांचे वैभव जहाजांवरच उभे होते.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या स्वाऱ्यांनी नगर उद्ध्वस्त झाले. पुढे जुवारीच्या गाळाने बंदरही निकामी केले. आता ओहोटीच्या वेळी नदीकाठी जांभ्या दगडाच्या जुन्या धक्क्याचे अवशेष दिसतात.