विवेक पंडित

विवेक पंडित हे महाराष्ट्रातील सामाजिक कार्यकर्ते, श्रमजीवी संघटनेचे संस्थापक आणि वसई विधानसभा मतदारसंघाचे माजी आमदार आहेत. वेठबिगारीच्या निर्मूलनासाठी त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यात केलेल्या कार्याबद्दल त्यांना व त्यांच्या पत्नी विद्युल्लता पंडित यांना १९९९ साली अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या लंडनस्थित संस्थेचा गुलामगिरीविरोधी पुरस्कार देण्यात आला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत ते वसईतून अपक्ष म्हणून विजयी झाले. त्या निवडणुकीत वसई-विरार महानगरपालिकेत ग्रामीण भागाच्या समावेशाला होणारा विरोध हा प्रमुख मुद्दा होता. २०१४ मध्ये त्यांचा पराभव झाला.

पार्श्वभूमी

वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी नवा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तालुक्याचे भौगोलिकदृष्ट्या तीन भाग पडतात. समुद्राकडील पश्चिम पट्ट्यात सांडोर, गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नाळे, आगाशी अशी बागायती गावे आहेत. केळी, भाजीपाला, फुले व विड्याची पाने ही या पट्ट्याची पारंपरिक पिके असून सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी आणि ख्रिस्ती समाजाची वस्ती येथे आहे. मधल्या भागात लोहमार्गालगत वसई रोड, नालासोपारा व विरार ही झपाट्याने वाढलेली शहरे आहेत. पूर्वेकडील डोंगराळ भागात वारली, कातकरी, मल्हार कोळी इत्यादी आदिवासी समाज राहतो.

पंडित यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात पूर्वेकडील आदिवासींच्या प्रश्नांपासून झाली, तर त्यांना विधानसभेत पोहोचवणारा प्रश्न मुख्यतः पश्चिम पट्ट्यातील गावांचा होता. त्यांच्या कारकिर्दीचे हे दोन भाग वेगवेगळ्या समाजघटकांशी निगडित आहेत.

सामाजिक कार्य

विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना

१९७९ साली पंडित दांपत्याने विधायक संसद ही संस्था स्थापन केली. वसई तालुक्यातील दहिसर या गावात (मुंबईच्या दहिसर उपनगराहून हे वेगळे) काम करताना आदिवासी कुटुंबे कर्जापोटी मालकाकडे राबत असल्याचे वास्तव त्यांच्यासमोर आले. या मजुरांना कायद्याने मुक्त करून घेण्याच्या प्रयत्नांतून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. शिक्षण, प्रशिक्षण व विधायक उपक्रम संस्थेने चालवायचे आणि हक्कांसाठीचा संघर्ष संघटनेने करायचा, अशी कामाची विभागणी पुढे रूढ झाली. वसई तालुक्यातील उसगाव हे या कामाचे केंद्र बनले.

वेठबिगारीचे स्वरूप

या भागातील वेठबिगारीला ‘लग्नगडी’ या प्रथेची पार्श्वभूमी होती. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या रकमेच्या बदल्यात तरुण, आणि अनेकदा त्याची पत्नीही, मालकाच्या घरी व शेतावर राबत असे. हिशेब मालकाच्या हाती असल्याने कर्ज फिटत नसे आणि त्याचा भार पुढच्या पिढीवर जाई. १९४५ च्या वारली आंदोलनाने या प्रथेवर मोठा आघात केला होता. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकिकत लिहिली आहे. तथापि पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत घेतलेली खावटी, लग्नासाठी काढलेले कर्ज किंवा वीटभट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेली उचल या रूपांत कर्जबंधन त्यानंतरही टिकून राहिले.

केंद्र सरकारने १९७५ मध्ये अध्यादेश काढून व १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम करून अशी सर्व कर्जे रद्द ठरवली. वेठबिगारी करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमणे बंधनकारक आहे. मात्र मजूर वेठबिगार असल्याचे प्रशासनाने मान्य करून त्याला मुक्ततेचा दाखला दिल्याशिवाय पुनर्वसनाची मदत मिळत नसे. या मदतीची रक्कम आरंभी ४,००० रुपये होती. ती १९८६ मध्ये ६,२५०, १९९५ मध्ये १०,००० आणि २००० मध्ये २०,००० रुपये करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात असे तत्त्व मांडले की, मजुराकडून सक्तीने काम करवून घेतले जात असल्याचे दिसून आल्यास त्यामागे कर्ज असल्याचे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर व शासनावर राहील.

श्रमजीवी संघटनेचे काम मुख्यत्वे याच टप्प्यावर होते. मजुरांची माहिती गोळा करणे, त्यांचे जबाब तहसीलदारांपुढे नोंदवणे, दाखले मिळवणे आणि मुक्ततेनंतर त्यांना रोजगार मिळवून देणे असा हा क्रम असे. मुक्त झालेल्या मजुराला गावात काम नाकारले गेल्यास तो पुन्हा त्याच मालकाकडे जाण्याचा धोका असे. त्यामुळे किमान वेतन, रोजगार हमीची कामे, शिधापत्रिका व वनजमिनीचे हक्क हे विषयही संघटनेच्या कार्यक्रमात आले. मोर्चा, धरणे व ठिय्या यांच्या जोडीला न्यायालयीन मार्गाचाही तिने वापर केला.

भोंगा शाळा

दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग या काळात येत असल्याने मुलांचे शिक्षण तुटते. यावर उपाय म्हणून विधायक संसदेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या. भट्टीवरील मजुरांच्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. त्यावरून या शाळांना ‘भोंगा शाळा’ हे नाव पडले. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा त्यामागील विचार होता.

राजकीय कारकीर्द

वसईतील राजकीय स्थिती

१९९० पासून वसई मतदारसंघावर हितेंद्र ठाकूर यांचे वर्चस्व होते. १९९० मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर निवडून आल्यानंतर २००४ पर्यंतच्या सलग चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. त्यांच्या नेतृत्वाखालील स्थानिक आघाडी पुढे बहुजन विकास आघाडी या नावाने ओळखली जाऊ लागली. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत या पक्षाचे बळीराम जाधव पालघर मतदारसंघातून निवडून आले.

याच काळात वसईच्या नागरीकरणाचा प्रश्न तीव्र झाला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसई संरक्षण समितीने बागायती पट्ट्यातील बांधकामे व पाण्याचा उपसा यांविरुद्ध आंदोलन उभारले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्या आंदोलनाचे प्रमुख नेते होते.

महानगरपालिकेची स्थापना आणि गावांचा विरोध

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे यांची मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. ग्रामपंचायत व ग्रामसभा संपुष्टात येणे, करांत वाढ होणे आणि बागायती जमिनी बांधकामासाठी खुल्या होणे या भीतीने अनेक गावांनी समावेशास विरोध केला. महानगरपालिकेच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते व परिवहन या सेवा विखुरलेल्या ग्रामपंचायतींना पेलणार नाहीत आणि संपूर्ण उपप्रदेशाचे नियोजन एकत्र होणे आवश्यक आहे. विरोध करणाऱ्या गावांतील आंदोलनाचे नेतृत्व पंडित यांच्याकडे आले.

२००९ ची विधानसभा निवडणूक

महानगरपालिकेच्या स्थापनेनंतर अवघ्या तीन महिन्यांत, १३ ऑक्टोबर २००९ रोजी, विधानसभेसाठी मतदान झाले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरची ही पहिलीच विधानसभा निवडणूक होती. पुनर्रचनेत नालासोपारा हा स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाला आणि तालुक्याच्या पूर्वेकडील ग्रामीण भाग प्रामुख्याने बोईसर या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात गेला. परिणामी, पंडित यांनी तीन दशके ज्या आदिवासी पाड्यांत काम केले होते त्यांतील मोठा भाग वसई मतदारसंघाबाहेर राहिला, तर पश्चिम पट्ट्यातील गावांच्या मतांना वसईत अधिक महत्त्व आले.

हितेंद्र ठाकूर यांनी या वेळी स्वतः निवडणूक लढवली नाही. बहुजन विकास आघाडीने नारायण मानकर यांना उमेदवारी दिली. शिवसेनेचा पाठिंबा लाभलेले अपक्ष उमेदवार पंडित यांनी मानकर यांचा पराभव केला. वसईत ठाकूर यांच्या गटाचा १९९० नंतर झालेला हा पहिला पराभव होता.

आमदारकीचा काळ (२००९–२०१४)

महानगरपालिकेची पहिली निवडणूक २०१० मध्ये झाली. तीत ठाकूर यांच्या आघाडीला बहुमत मिळाले व राजीव पाटील पहिले महापौर झाले. समावेशास विरोध करणाऱ्या जनआंदोलन समितीचेही काही नगरसेवक निवडून आले. अशा रीतीने आमदार एका बाजूचा आणि महानगरपालिकेतील सत्ता दुसऱ्या बाजूची, अशी स्थिती या संपूर्ण काळात राहिली.

गावे वगळण्याच्या मागणीला २०११ मध्ये अंशतः यश आले. राज्य शासनाने ५३ पैकी २९ गावे महानगरपालिकेच्या हद्दीतून वगळण्याची अधिसूचना काढली. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले व अंमलबजावणी थांबली. त्यामुळे ही गावे कागदोपत्री वगळली गेली असली तरी तेथील कारभार महानगरपालिकेकडेच राहिला. पंडित यांची आमदारकीची मुदत संपली तेव्हा हा प्रश्न न्यायालयात प्रलंबित होता.

२०१४ ची विधानसभा निवडणूक

१५ ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत पंडित पुन्हा अपक्ष म्हणून उभे राहिले. या वेळी हितेंद्र ठाकूर स्वतः रिंगणात होते. ठाकूर यांना ९७,२९१ व पंडित यांना ६५,३९५ मते मिळाली. ठाकूर ३१,८९६ मतांनी विजयी झाले.

वसई मतदारसंघातील निकाल (२००९–२०२४)

२००९ : विजयी – विवेक पंडित (अपक्ष), प्रमुख प्रतिस्पर्धी – नारायण मानकर (बहुजन विकास आघाडी)

२०१४ : विजयी – हितेंद्र ठाकूर (बहुजन विकास आघाडी), ९७,२९१ मते, दुसऱ्या स्थानी – विवेक पंडित (अपक्ष), ६५,३९५ मते, मताधिक्य ३१,८९६

२०१९ : विजयी – हितेंद्र ठाकूर (बहुजन विकास आघाडी), १,०२,९५० मते; दुसऱ्या स्थानी – विजय पाटील (शिवसेना), ७६,९५५ मते; मताधिक्य २५,९९५

२०२४ : विजयी – स्नेहा दुबे पंडित (भारतीय जनता पक्ष), ७७,५५३ मते, दुसऱ्या स्थानी – हितेंद्र ठाकूर (बहुजन विकास आघाडी), ७४,४०० मते, मताधिक्य ३,१५३

२०१४ नंतर

विधानसभेतून बाहेर पडल्यानंतर पंडित पुन्हा प्रामुख्याने श्रमजीवी संघटनेच्या कामाकडे वळले. आदिवासी क्षेत्रातील योजनांचा आढावा घेणाऱ्या राज्यस्तरीय समितीचे अध्यक्षपद राज्य शासनाने त्यांच्याकडे सोपवले. कुपोषण, स्थलांतर, वनहक्क व कातकरी समाजाची वेठबिगारी हे या काळातील त्यांच्या कामाचे विषय राहिले.

२०२० च्या टाळेबंदीत आदिवासी मजुरांचा रोजगार बुडाल्यावर शिधा व खावटी मिळावी, अशी मागणी श्रमजीवी संघटनेने लावून धरली. त्याच वर्षी राज्य शासनाने खावटी योजना अनुदानाच्या रूपात पुन्हा सुरू केली. तीत प्रत्येक पात्र कुटुंबास २,००० रुपये रोख व २,००० रुपयांच्या वस्तू देण्याची तरतूद होती. खावटीच्या गरजेपोटी आदिवासी कर्जबाजारी होत असल्याने या मागणीचा संघटनेच्या मूळ कार्याशी थेट संबंध होता.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पंडित यांच्या कन्या स्नेहा दुबे पंडित यांनी भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर हितेंद्र ठाकूर यांचा पराभव केला. ही लढत तिरंगी होती. काँग्रेसचे विजय पाटील यांनी ६२,३२४ मते मिळवली. विजयी उमेदवाराच्या मताधिक्याच्या तुलनेत ही संख्या मोठी होती. त्याच वर्षी राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा जुना निर्णय मागे घेऊन ती महानगरपालिकेतच ठेवण्याची प्रक्रिया सुरू केली आणि त्यावर हरकती मागवल्या.

लेखन

कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी पंडित यांनी लेखन केले आहे. ‘फिअरलेस माइंड्स’ या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हक्काधारित संघटन व जनवकिली यांची मांडणी केली आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधाविषयीच्या कायद्यावरही त्यांनी कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली.

कार्याचे स्थान

पंडित यांची विधिमंडळातील कारकीर्द एकाच कार्यकाळाची असली तरी वसईच्या निवडणूक इतिहासात ती महत्त्वाची आहे. प्रबळ स्थानिक आघाडीसमोर प्रमुख पक्षाचे चिन्ह नसलेला उमेदवार एका स्थानिक प्रश्नावर निवडून येऊ शकतो, हे २००९ मध्ये दिसले. मात्र हद्दीचा निर्णय शासनाची अधिसूचना, महानगरपालिकेची भूमिका आणि न्यायालयीन प्रक्रिया यांवर अवलंबून असल्याने तो केवळ आमदाराच्या अधिकारात सुटणारा नव्हता. वेठबिगारीच्या क्षेत्रातील त्यांचे काम मात्र पदावर अवलंबून नव्हते. ते आमदारकीपूर्वी सुरू झाले आणि आमदारकीनंतरही चालू राहिले.

हेही पहा

वसई विधानसभा मतदारसंघ
वसई-विरार शहर महानगरपालिका
हितेंद्र ठाकूर
वारली आंदोलन
गोदावरी परुळेकर
फ्रान्सिस दिब्रिटो