वेदनाशमन, तान्ह्या बाळांचे

लस टोचणे, टाचेतून रक्त काढणे, सलाईन लावणे अशा वेळी वर्षाच्या आतील बाळाला होणारी वेदना कमी करण्याचे उपाय. ‘बाळ म्हटले की रडणारच’ ही समजूत डॉक्टरांचीही होती. १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अनेक ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे करणारे औषध एवढ्यावरच शस्त्रक्रिया होत. इंदूरला वैद्यकी शिकलेल्या कंवलजीत आनंद यांनी व सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांना जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक देऊन पाहिले. शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही घटली (‘लॅन्सेट’, १९८७).

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड-चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात बाळांच्या वेदनेचा हा प्रश्न रोज दिसतो तो लसीकरणाच्या रांगेत. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो की चाकणचे ग्रामीण रुग्णालय, राष्ट्रीय वेळापत्रकानुसार दीड महिन्याच्या बाळाला एका भेटीत तीन सुया: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (पेंटा) लस, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओची. सासर-माहेर गावाकडे, नवरा पाळीवर. बाळ धरायला आईचेच हात.

ते हात पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशींत बाळाला टेबलावर आडवे न पाडता कुशीत धरणे आणि टोचताना किंवा त्याआधी लगेच अंगावर पाजणे हे प्रमुख उपाय आहेत. सर्वांत झोंबणारी लस शेवटी द्यावी. सुई खुपसल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येते का पाहण्याची जुनी सवय सोडावी. तेवढा वेळ सुई आत हलते.

वेदना ओळखायची ती चेहऱ्यावरून: भुवयांमधला भाग फुगतो, डोळे गच्च मिटतात, नाकापासून ओठापर्यंत घडी पडते. जिभेवर साखरपाण्याचे थेंब दिले की ही घडी सैलावते. पण २०१०च्या एका ब्रिटिश अभ्यासात टाच टोचल्यावर मेंदूतील प्रतिसाद साखरेने कमी झालेला दिसला नाही. बाळ शांत दिसले म्हणजे दुखले नाही, असे धरता येत नाही. साखरेऐवजी मध चाटवणे मात्र धोक्याचे: वर्षाखालील बाळाला त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो.

पॅरासिटामॉल तापासाठी ठीक. आधी पाजून सुईची कळ थांबत नाही. बधिर करणारे मलम उपयोगी आहे, पण ते लावून तासभर थांबावे लागते आणि किंमतही मोजावी लागते. म्हणून सार्वत्रिक लसीकरणासाठी संघटनेने त्याची शिफारस केलेली नाही.