एका काट्याचं घड्याळ

आमच्या जासईच्या बचत गटात बैठकीला उशिरा येणारीला पाच रुपये दंड असतो. वर्षाची वही चाळली, तर दंड बहुतेक त्याच दोघी-तिघींच्या नावावर. कारण साधं होतं: बैठक चारला आणि त्यांच्या आळीत नळाला पाणीही चारलाच. मग आम्हांला प्रश्न पडला, मिनिटं मोजायची ही शिस्त आली कुठून?

आपल्याकडे दिवस-रात्र मिळून साठ घटिका धरत. एक घटिका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटिका भरली. लग्नाचा मुहूर्त असाच साधत.

इंग्लंडच्या खेड्यांतही मिनिटाची घाई नव्हती. अठराव्या शतकात ऑक्सफर्डशायरमध्ये क्वेकर पंथाचे कारागीर घड्याळं बनवत. ॲडरबरी गावचे गिल्क्स त्यांतलेच. साध्या राहणीची ही माणसं. त्यांच्या पुष्कळ घड्याळांना एकच काटा असे, तासाचा. दोन आकड्यांमध्ये पाव-पाव तासाच्या खुणा. रोज एकदा वजन वर ओढलं की घड्याळ तीस तास चाले. शेतकऱ्याला तेवढं पुरे.

मिनिटाला भाव आला तो आगगाडीमुळे आणि गिरणीमुळे. मुंबईची घड्याळं पूर्वी मुंबईच्या सूर्याप्रमाणे चालत. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशासाठी एक प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. काटा पुढे गेला, सूर्य होता तिथेच राहिला. म्हणजे कामावर जायचं ३९ मिनिटं आधी! त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी विरोध केला. शहरात पुष्कळ ठिकाणी जुनी ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू होती.

आता आपण बायांनी एक हिशेब करू. गिरणीच्या भोंग्याआधी घरची चूल पेटते. कामगाराची झोप गेली, तशी भाकऱ्या थापणारीचीही गेली असणार. वेळ ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

आम्हीही विचारलं नव्हतं. आता बैठक पाचला भरते, पाणी भरून झाल्यावर. दंड काढला नाही, वेळ बदलली.

तुमच्या गटाची वेळ कुणी ठरवली, आणि ठरवताना नळावर कोण होतं, एवढं पुढच्या बैठकीत नक्की विचारा.